दोन प्रती, पासपोर्ट साइज

माणसाचा चेहरा आणि त्याचा फोटो यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, असा बँकांचा एक समज आहे. वीस वर्षं काउंटरवर बसून माझा तरी तो पार उडाला. फॉर्मवरचा इसम दरोड्यात हवा असल्यासारखा बघत असतो आणि समोर उभा असतो तो संस्कृतचा मास्तर! मी पडलो बी.कॉम. ताळा जमला नाही की झोप येत नाही. म्हणून या प्रकाराचं मूळ खणायला घेतलं.

ते निघालं इंग्रजांच्या दारात. १८३९ साली पॅरिसमध्ये फोटोची कला जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफीची सोसायटीसुद्धा निघाली. (सोसायटी काढण्यात आपण कधी मागे नव्हतो.) पुढं १८५७ च्या उठावानं साहेब हादरला. आपण राज्य करतोय ती माणसं आहेत तरी कोण, हे समजून घ्यायची त्याला घाई झाली. १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. म्हणजे अख्ख्या देशाचा खातं उघडायचा फॉर्मच! वर फोटो चिकटवलेला, खाली जात, जमात आणि साहेबाच्या मते स्वभाव. खातेदाराची सही मात्र कुठंच नाही.

मग आपली माणसं आपल्या पायांनी स्टुडिओत जाऊ लागली. आमच्या चौथी पास आजोबांचा एक फोटो घरी आहे. मागं पडद्यावर रंगवलेला महाल, अंगात स्टुडिओचा कोट, हातात जाडजूड इंग्रजी पुस्तक. शेजारी आजी, फोटोग्राफरवर पूर्ण अविश्वास दाखवत उभी. पडदा खोटा, कोट उसना, पुस्तक तर बहुतेक उलटं. पण मला विचाराल तर साहेबाच्या आठ खंडांपेक्षा हा फोटो खरा. आपल्याला काय व्हायचंय, ते आजोबांनी स्वतः ठरवलं होतं.

१९९३ साली शेषनसाहेबांनी मतदारांना फोटोचं ओळखपत्र द्यायचा हुकूम काढला. २०१० साली नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं. 'तो मी नव्हेच' म्हणायची सोय आता सगळ्या जनतेला झाली.

परवा एक आजी आल्या, यजमानांचं खातं बंद करायला. कागद चोख होते. काम झालं, तरी उठेनात.

"दादा, फॉर्मवरचा ह्यांचा फोटो मिळंल का?"

"आजी, तो रेकॉर्डला लागतो. काढता नाही येत."

"घरी एकबी नाही हो. जल्मात एकदाच स्टुडिओत गेले, ते बँकेत द्यायचाय म्हणून."

मॅनेजरसाहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं आणि शिपायाला स्वतःच्या खिशातले पैसे देऊन रंगीत झेरॉक्सला पिटाळलं. आजी कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"असे रागावलेले कधी नसायचे ते," त्या म्हणाल्या. "फोटोवाल्यानंच हसू नका म्हणून सांगितलं असंल."