विकत घेतलेला खेळ

पावसाळ्यात कर्जत-खालापूरकडे वीज गेली की राउटरही बंद पडतो. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असते, खेळ आतच असतो, तरी तो उघडत नाही. चोरून नक्कल होऊ नये म्हणून आधी दूरच्या सर्व्हरला ओळख पटवायची असते. ज्या खोपोलीतून १९१५ पासून मुंबईला वीज जाते, तिथल्या खेळाडूला हे जास्तच टोचत असेल.

२०१० मध्ये युबिसॉफ्ट या कंपनीने संगणकावरच्या ‘असॅसिन्स क्रीड २’ या खेळाला सतत इंटरनेट सक्तीचं केलं. जोडणी तुटली की खेळ थांबे. मार्चमध्ये सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे मोजलेले लोकच बाहेर ताटकळले.

त्याआधी २००८ मध्ये ‘स्पोअर’ हा खेळ सुरुवातीला तीनच संगणकांवर सक्रिय करता येई.

सर्वांत दुखरी गोष्ट जुन्या डिस्कची. खेळाच्या डिस्कची नक्कल रोखणारं सेफडिस्क हे संरक्षण विंडोजच्या गाभ्यात स्वतःचा ड्रायव्हर बसवत असे. त्यातून सुरक्षेला धोका होता, म्हणून २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने तो चालवणंच नाकारलं. निर्णय रास्तच. पण जपून ठेवलेली, एक ओरखडाही नसलेली डिस्क मुकी झाली. हातात घेतली तर चकाकते, आत सगळं शाबूत आहे, आणि ती काही बोलत नाही.

खेळ अडल्याचा राग ओसरतो. संशयाचा सल राहतो. निर्मात्यांच्या कष्टाची चोरी होते, ती थांबायलाच हवी. पण ‘द विचर ३’ २०१५ मध्ये जीओजी या ऑनलाइन दुकानात अशा कुलपाविना विकला गेलाच ना? मग प्रामाणिक गिऱ्हाइकावर तेवढा विश्वास इतरांना का ठेवता येत नाही?