राजगड, सतरा अनोळखी आणि जीरावन

इंदूरला असताना आमचं डोंगर चढणं म्हणजे जानापाव. तिथे गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे चढते ती गाडी. आपण उतरायचं, चंबळ इथे उगम पावते म्हणून कुंडाला हात जोडायचे, भजी खायची आणि परत. एवढ्या अनुभवावर मी गेल्या नोव्हेंबरात राजगडाचा ट्रेक बुक केला. तोही एकट्याने, सतरा अनोळखी माणसांबरोबर.

कारण सांगायला थोडी लाज वाटते. नोकरीसाठी पुण्यात येऊन मला तीन वर्षं झाली होती. आठवड्यातले तीन दिवस घरून काम, दोन दिवस ऑफिस, आणि शनिवार-रविवारी मी आणि माझा लॅपटॉप. एका रविवारी रात्री लक्षात आलं की शुक्रवार संध्याकाळपासून मी फक्त जेवण घेऊन आलेल्या मुलाशी बोललोय, तेही 'थँक्यू' एवढंच. दुसऱ्या दिवशी पैसे भरून टाकले. आईने फोनवर विचारलं, "कोणाबरोबर जाऊन राहिलास?" मी म्हटलं, ऑफिसची मुलं आहेत. खोटं होतं.

पहाटे साडेचारला वाकडच्या पुलाखालून बस निघाली. नसरापूर फाट्यावरून आत वळून मार्गासनीमार्गे पायथ्याच्या गुंजवण्यात पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. एका घराच्या पडवीत चहा-पोहे होते. तिथेच गोल करून ओळख झाली: नाव, गाव, काम, कितवा ट्रेक. कॉलेजची चार मुलं, एक नवीन लग्न झालेलं जोडपं, दोन डॉक्टर मैत्रिणी, बँकेतून निवृत्त झालेल्या साठीच्या एक काकू, असे सगळे. मी म्हटलं, "मी इंदूरचा, पहिलाच ट्रेक." त्यावर एकजण कौतुकाने म्हणाला, "अरे वा, मराठी छान बोलता हो तुम्ही!"

हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं असेल! रामबागेतल्या आमच्या घरात चार पिढ्या मराठी बोलतायत. शाळेत मी 'मराठी लोगों का लड़का' होतो आणि पुण्यात 'हिंदीवाला' झालो. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, म्हणून उत्तरही देता येत नाही. मी हसलो आणि सॅकमधून जीरावनची डबी काढून पोह्यांवर भुरभुरवलं. शेजारच्या काकूंनी डबीकडे पाहिलं. "हे काय टाकलंत तुम्ही?" मी डबी पुढे केली. ती गोल फिरून परत आली तेव्हा तळाला चिमूटभर उरलं होतं.

गुंजवण्याहून चोर दरवाज्याने वर जायला आम्हाला अडीच तास लागले. आधी शेतं, मग झाडी, मग उघड्या सोंडेवरचा अंगावर येणारा चढ. मुरमाड घसाऱ्यावर पाय मागे सरकतो, दोन पावलं टाकली की एक परत. माझा दम पहिल्या अर्ध्या तासातच निघाला. पण दम लागणं मला समजत होतं, थांबलं की तो कमी होतो. मला उंचीची भीती वाटते, ती तशी कमी होत नाही, आणि हे मी बुकिंगच्या फॉर्मवर लिहिलं नव्हतं.

चोर दरवाज्याच्या खाली शेवटचा टप्पा कातळाचा आहे. खोबण्या आहेत, लोखंडी रेलिंग आहे, नेहमीची माणसं बोलत बोलत चढून जातात. मी अर्ध्यावर गेलो आणि खाली पाहिलं. गुंजवण्यातली आमची बस काडेपेटीएवढी दिसत होती. त्यानंतर माझा डावा पाय शिवणयंत्रासारखा थडथडायला लागला. दोन्ही हातांनी रेलिंग धरलं, आणि हात सोडायचा कसा ते आठवेना. वरून एक गट उतरायला थांबला होता, खाली आमचेच आठ-दहा जण. कोणीतरी म्हणालं, "चला, चला."

माझ्या खालीच काकू होत्या. माझ्या तोंडून निघालं, "काकू, पाय हलून राहिलाय!"

घाबरलं की आपली खरी भाषा बाहेर येते, माझी इंदुरी मराठी आली. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हलून राहिलाय ना? मग वर हलव. खाली बघू नकोस, माझ्याकडेही बघू नकोस. उजव्या पायाला गुडघ्याएवढी उंच खाच आहे, शोध." सापडली. "आता डावा हात तेवढा पुढे सरकव. सोडू नकोस, सरकव." असं करत करत दहा-बारा पावलं. मागचा "चला, चला" म्हणणारा केव्हा गप्प झाला ते कळलं नाही. चोर दरवाजा इतका ठेंगणा की वाकूनच आत शिरावं लागतं. मी तर गुडघ्यांवरच शिरलो. समोर पद्मावतीचा तलाव, शांत.

एक गोष्ट नंतर जाणवली. खाली पडवीत 'तुम्ही' म्हणणाऱ्या काकू कातळावर 'तू'वर आल्या होत्या आणि पुढे दिवसभर तसंच राहिलं. ऑफिसच्या लोकांसमोर मी असा अडकलो असतो तर सोमवारी रजा टाकली असती. इथे मला कोणी ओळखतच नव्हतं, मग लपवायचं कोणापासून?

गडाबद्दल लीडरने नीट सांगितलं. मूळचा हा मुरुंबदेवाचा डोंगर. रायगडाआधी साधारण पंचवीस वर्षं स्वराज्याची राजधानी इथे होती. 1659 मध्ये सईबाई इथेच गेल्या, 1670 मध्ये राजाराम महाराजांचा जन्म इथला. 1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले द्यावे लागले तेव्हा महाराजांनी जे 12 स्वतःकडे ठेवले त्यांत राजगड होता. 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतही तो आहे. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. संजीवनीची दुहेरी तटबंदी पाहायला वेळ काढाच. लांबून ती कड्यावर ठेवलेल्या दोरीसारखी वळत जाते, आणि पलीकडे तोरणा उभा.

बालेकिल्ल्याचा चढ सरळ कातळाचा. मी खालून तो पाहिला आणि लीडरला म्हटलं, मी थांबतो. एरवी कदाचित पोट दुखतंय म्हणालो असतो. इथे सरळ सांगितलं, भीती वाटतेय. तो "ठीक आहे, देवळापाशी बसा" एवढंच बोलून पुढे गेला. काकूही थांबल्या, त्यांचा गुडघा बोलत होता. पद्मावतीच्या देवळाच्या पायरीवर बसून आम्ही त्यांच्या धपाट्यांबरोबर माझी इंदुरी शेव खाल्ली. इंदूरला मराठी माणसं कशी गेली, त्यांनी विचारलं. होळकरांपासून सुरुवात केली ती सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्यापर्यंत पोचलो. इतकं सलग मराठी मी पुण्यात तीन वर्षांत बोललो नव्हतो.

उतरताना कातळ पुन्हा आलाच. शिडी उतरतो तसं कातळाकडे तोंड करून उतरायचं, ही युक्ती लक्षात ठेवा. पाय थडथडला, पण कमी. कॉलेजच्या एका मुलाच्या बुटाचा तळवा घसाऱ्यावर सुटला. डॉक्टर मैत्रिणींनी तो बँडेजच्या पट्टीने बांधला आणि गुंजवण्यापर्यंत तो 'पेशंट' लंगडत आला. जायचं असेल तर कपाटातले पाच वर्षं जुने बूट आधी घराबाहेर घालून पाहा. पाणीही तीन लिटर घ्या, मी दोनच नेलं होतं आणि दुसऱ्यांचं प्यालो.

रात्री आईचा फोन आला. "कशी आहेत ऑफिसची मुलं?" मी खरं सांगून टाकलं. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "त्या काकूंना जीरावन आवडलं का?"

आम्ही पुढच्या महिन्यात बालेकिल्ल्यासाठी पुन्हा जाऊन राहिलोय. काकूंच्या गुडघ्याला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, माझ्या पायाला अजून कोणी विचारलेलं नाही. आईने चार पाकिटं कुरियरने पाठवली आहेत.