पाणी रुळेपर्यंत

माणूस आजारी पडला की आपण कपाळावर हात ठेवतो, पेज करून घालतो, पाय चेपून देतो. माशाला यातलं काहीच चालत नाही. हात लावावा तर अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो, आणि तो थर म्हणजे त्याचं रोगापासूनचं चिलखत. माया करून चार दाणे जास्त घालावेत, तर तेच तळाशी कुजून त्याच्या जिवावर उठतात. आजारी माशाची सेवा करायची म्हणजे पाण्याची सेवा करायची. बाकी काही आपल्या हातात नसतं.

हैदराबादेत हिमायतनगरच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नांदेडचं एक कुटुंब राहतं. मृगाच्या तोंडावर त्यांच्याकडे काचेची टाकी आली. चाळीसेक लिटरची, निळे खडे, प्लास्टिकची झाडं, आणि त्याच संध्याकाळी पाच गोल्डफिश. पाणी दोन दिवस ठेवायचं का, असं मुलाच्या वडिलांनी विचारलंही होतं. दुकानदार म्हणाला, "कुछ नै होता, आजिच डाल लो." आठवडा व्हायच्या आत मुलगा जिन्यावरून धावत खाली आला. "काकू, मासे वर येऊन सारखं तोंड उघडतायत!"

वर जाऊन पाहिलं. पाचही मासे पृष्ठभागाला टेकून उभे. कल्ल्यांची झाकणं भराभरा उघडत होती, आतला लाल रंग नको तितका भडक दिसत होता. एरवी ज्या शेपट्या पदरासारख्या पसरतात, त्या मिटून काडी झाल्या होत्या. पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ. सगळे फसतात ते इथेच.

मासा शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. म्हणजे ज्या वाटेने श्वास, त्याच वाटेने विष. नदीत, तळ्यात ते विष खाऊन जगणारे जिवाणू खड्याखड्याला चिकटलेले असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट बरंच सौम्य. विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. नव्या टाकीत ते नसतात. त्यांना वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर ते स्वच्छ दिसणारं पाणी म्हणजे ओसाड गाव असतं.

आणि हैदराबादचं पाणी! या शहराच्या नळाला मुख्यतः मांजरा, कृष्णा आणि गोदावरी या तीन नद्यांचं पाणी येतं. तिन्ही उगम पावतात आपल्या महाराष्ट्रात: मांजरा बीडच्या बालाघाटात, कृष्णा महाबळेश्वरला, गोदावरी त्र्यंबकेश्वरी. नळ सोडला की मला हे आठवतं आणि परक्या शहरात असल्यासारखं वाटत नाही. पण आपल्याला जगवणारं त्या पाण्यातलं क्लोरीन माशाचे कल्ले पोळतं आणि नुकते वसू पाहणारे जिवाणू मारतं. मुलाच्या आईने टापटिपीपोटी फिल्टरचा स्पंज रोज नळाखाली धुतला होता. त्यात इमारतीच्या जमिनीखालच्या हौदात बोअरचं पाणीही मिसळतं. खडकातलं ते पाणी जड, पीएच चढवणारं. पाण्याचा पीएच सातावरून आठावर गेला तर त्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. उकाडा असेल तर आणखी वाढतो, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो.

त्याच आठवड्यात नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर मृगाचा माशाचा प्रसाद होता. बत्तिनी कुटुंब दम्याच्या लोकांना औषध भरलेलं जिवंत मासोळीचं पिल्लू गिळायला देतं, देशभरातून माणसं येतात. ते पिल्लू बहुधा मरळीचं. मरळ वर येऊन थेट हवा घेते, म्हणून दाटीवाटीच्या घमेल्यातही तग धरते. गोल्डफिशला तशी सोय नाही. धापा टाकणाऱ्या माणसांच्या रांगा तिकडे, धापा टाकणारे मासे इकडे. त्या दिवसांत मला रात्री नीट झोप लागली नाही.

उपाय साधे होते. खाणं बंद. मासा काही दिवस उपाशी सहज राहतो. रोज पाव टाकी पाणी बदलायचं, तेही बादलीत रात्रभर उघडं ठेवलेलं, वर क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे थेंब. लिटरमागे ग्रॅमभर मीठ. मिठाला मी पूर्वी आजीबाईचा बटवा समजत असे, पण त्यात शास्त्र आहे. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्त तपकिरी होतं, प्राणवायू वाहीनासं होतं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटची वाट अडवतं. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे नारायणगुड्याच्या एका जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज. नव्या दुधाला जुन्या दह्याचं विरजण लावावं तसा तो आम्ही टाकीत पिळला. काळपट गढूळ पाणी पसरलं तेव्हा मुलाच्या आईचा चेहरा पाहवत नव्हता.

तरी दोन मासे गेले. उरलेल्यांपैकी एकाच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठले. ते ठिपके एका परजीवीचे. कातडीखाली असताना त्याला औषध पोचत नाही. तो गळून तळाशी जातो, फुटून शेकडो पिल्लं पोहू लागतात, तेव्हाच ती मरतात. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी औषध चालू ठेवावं लागतं. मुलाने ते एकदाही चुकवलं नाही. परीक्षानळीतला रंग तो रोज वहीत लिहायचा, अमोनियाचा हिरवा फिकट होत होत पिवळ्यावर आला तोवर.

आता तीन मासे पोहतायत, शेपट्या पसरून. पण गोल्डफिश वितीहून मोठा होऊ शकतो, चाळीस लिटर त्यांना पुरायचे नाहीत. हुसेनसागरात सोडून द्या, असं कुणीसं सुचवलं. ते अजिबात करायचं नाही. आमचं ठरलंय: दिवाळीआधी मोठी टाकी, दिवाणखान्यातल्या ओट्यावर, ऊन येणार नाही अशा भिंतीला. तिच्यात मासे नंतर जातील, आधी हाच स्पंज जाईल, न धुता.