उंबरठ्याबाहेर चार श्वास

तुरुंग सगळ्यांना माहीत असतो, पोलीस चौकीही माहीत असते. पण परिविक्षा अधिकारी नावाचा माणूस खेड्यातल्या फार थोड्या घरांना ठाऊक असतो. ज्यांच्या घरी तो येतो, ते चारचौघांत त्याचे नाव काढत नाहीत. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत मी हे काम बरीच वर्षे केले. आता निवृत्त आहे, तेव्हा दोन शब्द मोकळेपणाने लिहितो.

१९५८ च्या अपराधी परिविक्षा कायद्याप्रमाणे, गुन्हा फाशी-जन्मठेपेचा नसेल तर न्यायालय माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर घरी सोडू शकते. मुदत जास्तीत जास्त ३ वर्षे. २१ वर्षांच्या आतल्या पोराच्या बाबतीत तर कायद्याचा कल तुरुंग टाळण्याकडेच आहे. हे ठरवताना परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पाहिला जातो आणि पुढची देखरेखही त्यानेच करायची असते. माणसाला सल्ला द्यावा, नुकसानभरपाई फेडायला मदत करावी, जमल्यास कामधंदा पाहून द्यावा, असे कायदाच सांगतो.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात सकाळी एका घरी बांधावरून भावाभावांत कुऱ्हाड चाललेली, दुपारी दुसऱ्या घरी दारूने गांजलेली बायको, संध्याकाळची एस.टी. गाठण्याआधी तिसऱ्या घरी रडणारी म्हातारी माय. पावसाळ्यात काळ्या रानातून चालले की वहाणांना मातीचे थर चढतात आणि पाय उचलेनासा होतो. मनाचेही तसेच. पहिल्या घरचा राग तिसऱ्या घरात निघतो. त्या घराचा काय दोष? शिवाय रागात लिहिलेला अहवाल रागावलेलाच असतो, आणि त्याची शिक्षा भोगतो दुसराच.

साक्रीकडचे एक वडीलधारे सहकारी होते. आम्ही त्यांना जिभाऊ म्हणत असू. ते म्हणायचे, "दाराशी वहाणांची माती झटकतोस ना? मग मनाचीही झटक." त्यांची रीत साधी होती. दार वाजवण्याआधी निंबाखाली नाहीतर भिंतीच्या सावलीत उभे राहायचे. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेत, हे जाणवू द्यायचे. चार श्वास सावकाश घ्यायचे-सोडायचे. मनात जे असेल त्याला ओळखायचे: हा राग मागच्या घरचा, ही भूक माझी, ही भीती उद्याच्या तारखेची. मग आत जायचे.

अमळनेर तालुक्यातल्या एका पोराची चौकशी करायची होती. वय १९, शेतातली पाण्याची मोटर चोरल्याचा आरोप. आधीच्या घरी तासभर शिव्या ऐकून आलो होतो. निंबाखाली थांबलो, मग आत गेलो. पोरगा मान खाली घालून बसलेला, विचारलेल्याला उत्तर नाही. घाईत कुणीही लिहिले असते, 'उद्धट, पश्चात्ताप नाही.' पण शांतपणे पाहिल्यावर दिसले, की बाप बोलला की पोरगा डावा कान पुढे करतो. उजव्या कानाने त्याला जवळजवळ ऐकूच येत नव्हते. अहवालात मी ते लिहिले, आणि कान तपासायला त्याला सिव्हिलमध्ये पाठवले. चोरीचा दोष त्याने पुसला जात नाही. पण न्यायालयासमोर खरा मुलगा तरी गेला.

मनाला आवरण्याची ही विद्या आपल्या मुलखाला परकी नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत आणि आधी अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी ते लिहून घेत. पुढे राजस्थानचे गृहसचिव राम सिंग आधी स्वतः विपश्यनेला बसले आणि मग १९७५ मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात शिबिर झाले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो: आधी अधिकारी, मग कैदी. आपल्याकडे इगतपुरीला अशी १० दिवसांची शिबिरे होतात आणि महाराष्ट्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना त्यासाठी रजेची सोय करून दिली आहे.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. श्वासाने फायली कमी होत नाहीत. रिकाम्या जागा भरायला हव्यात, फिरायला वाहन हवे, हक्काची सुट्टी मिळायला हवी. थकलेल्या माणसाला 'डोळे मिटून बस' म्हणून मोकळे होणे ही पळवाट झाली. आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जीव नकोसा होत असेल, तर डॉक्टर गाठावा. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवरही फुकट बोलता येते.

वाचकहो, तुमच्या किंवा शेजारच्या घरी एखादा पोरगा बंधपत्रावर परत आला असेल, तर अधिकारी महिन्यातून कधीतरी येतो; रोजची देखरेख तुमचीच असते. दिवसभर कापूस वेचून, केळीला पाणी देऊन तुम्हीही थकून घरी येता. समोर तो दिसतो आणि जुने सगळे ओठांवर येते. त्या वेळी ओसरीच्या पायरीवर जरा टेका, तांब्याभर पाणी प्या, चार श्वास घ्या. मग त्याला विचारा, "जेवलास का रे?" बाकीचे बोलणे जेवणानंतर करता येते.