मनगटातला बोगदा

वाचकहो, रात्री दोनच्या सुमारास हात झटकीत आपण कधी अंथरुणावर उठून बसला आहात काय? बसला नसाल, तर आपण भाग्यवान आहात. गेल्या वर्षी चार महिने माझा तो नित्यक्रमच झाला होता. गाढ झोपेतून जाग यावी ती उजव्या हाताला आलेल्या मुंग्यांनी. अंगठा आणि शेजारची दोन बोटे जणू दुसऱ्या कोणाची असावीत, अशी बधिर झालेली असत. हात पलंगाखाली लोंबता सोडावा, चार वेळा झटकावा, की त्यात हळूहळू प्राण येई. सकाळ झाली की मी ते सारे विसरून जाई. सत्तरी जवळ आली की प्रत्येक दुखण्याला ‘वय’ हे एकच नाव पुरते, अशी माझी समजूत होती.

ती समजूत मोडली एका कपाने. पाहुण्यांसमोर चहाचा भरला कप माझ्या हातून निसटला आणि फरशीवर फुटला. पाहुणे ‘असू द्या, असू द्या’ म्हणाले. पण मला ऐकू आला तो साठ वर्षांपूर्वीचा आवाज. माझ्या आईच्या हातूनही अशीच भांडी पडत. ‘लक्ष कुठे असते तुझे?’ असे आजी विचारी, आणि आम्ही मुले हसत असू. आई रात्री ओटीवर बसून हात झटकताना मी कित्येकदा पाहिली होती. ‘वात आहे,’ एवढेच ती म्हणे.

दुसऱ्याच दिवशी मी बडोद्यातील आमच्या घराजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मुलीच्या वयाच्या त्या बाईंनी पहिलाच प्रश्न असा विचारला, की मी चकित झाले. “काकू, करंगळीलाही मुंग्या येतात का?” मी आठवून पाहिले. करंगळी खरोखरच या भानगडीतून अलिप्त होती! मग त्यांनी दोन्ही मनगटे वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायला लावल्या. मिनिटभरात मुंग्या हजर झाल्या.

त्यांनी कागदावर चित्र काढून मला समजावले ते असे. मनगटाच्या तळव्याकडील बाजूस एक अरुंद बोगदा आहे. त्याची जमीन व भिंती हाडांच्या, आणि छत एका चिवट, आडव्या अस्थिबंधाचे. त्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे कंडरा, जातात आणि त्यांच्या दाटीतून एक मज्जातंतू जातो. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अर्धी अनामिका यांची संवेदना तोच वाहतो. करंगळीचा तंतू निराळ्या वाटेने जातो, म्हणून ती सुखरूप. बोगद्यात दाटी वाढली की हा तंतू चेपला जातो. झोपेत मनगट दुमडले की दाब आणखी वाढतो. या विकारास कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

निश्चितीसाठी त्यांनी दोन मार्ग सांगितले. एक, विजेचे लहान झटके देऊन तंतूतील संदेशाचा वेग मोजणे. दुसरा, मनगटाची सोनोग्राफी. झटक्यांच्या नावानेच मी दुसऱ्या मार्गाला लागले.

सोनोग्राफीच्या दालनात गर्भवती सुनांच्या रांगेत ही एकच म्हातारी! भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा कायद्याने बंधनकारक असलेला फलक होता. तो वाचून मी मनाशी हसले. माझा तर फक्त तंतूच पाहायचा होता. मनगटावर थंडगार लेप लावून डॉक्टरांनी लहानसा प्रोब फिरवला. वेदना नाही, क्ष-किरण नाहीत; कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी आत जातात आणि त्यांच्या प्रतिध्वनीतून पडद्यावर चित्र उमटते. मी बोटे हलवली, तशा पडद्यावर कंडरा सरकू लागल्या. त्यांच्या शेजारी मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार, लांबट गोल ठिपका दिसला. तोच माझा तंतू!

बागेतल्या रबरी नळीवर पाय ठेवला की अलीकडचा भाग फुगतो, तसे येथे घडते: बोगद्याच्या तोंडाशी तंतू सुजतो आणि आत चपटा होतो. म्हणून तोंडाशी त्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ मोजतात. ते साधारण १० चौरस मिलिमीटरच्या पुढे गेले की संशय बळावतो. माझे १४ भरले. मात्र एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. चित्र तंतूचा आकार सांगते, त्याचे काम कसे चालले आहे ते सांगत नाही. म्हणून झटक्यांच्या तपासणीचे महत्त्व उरतेच. आणि चित्र निर्दोष आले, तरी रोग्याची हकीकत खोटी ठरत नाही.

रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी मला मिळाली. मधुमेह आणि थायरॉइडची तपासणीही झाली, कारण त्या विकारांतही हा त्रास उद्भवतो. पट्टीने भागले नाही तर इंजेक्शन, आणि शेवटी ते छत कापून वाट मोकळी करणारी शस्त्रक्रिया. दुर्लक्ष केले, तर मात्र अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा झिजतो, आणि गेलेली शक्ती पूर्णपणे परत येईलच असे नाही.

हे ऐकताना मला आईचा तळहात आठवला. अंगठ्याच्या बुडाशी तो खोलगट झाला होता.

ध्वनिलहरींनी शरीरात डोकावण्याची कला आईच्या काळात बाल्यावस्थेत होती. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांचा प्रसिद्ध निबंध १९५८ सालचा. मनगट पाहणारी यंत्रे तर पुष्कळ नंतर आली. पण मनगटात चेपलेल्या तंतूचे वर्णन जेम्स पॅजेट यांनी १८५४ सालीच केले होते. तेव्हा यंत्र नव्हते, ही सबब मला पुरत नाही. करंगळीविषयीचा तो साधा प्रश्न तिला कोणी विचारला नाही. आम्ही तर मुळीच नाही.

आता पट्टीमुळे मला शांत झोप लागते. परवा आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईंच्या हातून पातेले पडले. रागाचे शब्द ओठांवर आले होते, ते गिळून मी विचारले, “रात्री हात झटकावा लागतो का हो?” त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. “तुम्हांला कसे कळले?” सोमवारी मी त्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहे.

वाचकहो, आपल्या घरात कोणाच्या हातून कप पडला, तर आधी काचा गोळा करा, आणि मग त्या हाताची चौकशी करा.