टाक, मस आणि घोटलेला कागद

समर्थ रामदासांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. हा ग्रंथ महाड तालुक्यातील शिवथरघळीत सिद्ध झाला, असे परंपरा मानते. ही घळ डोंगराळ मुलखातली. इथला पाऊस भिंतीत शिरतो तसा कागदातही शिरतो. लेखनसाहित्याची समर्थांनी वाहिलेली काळजी या ओल्या मुलखात अधिक पटते.

कागद घट्ट आणावा आणि नीट खळावा, असे ते सांगतात. हातकागद मुळात शाई पिणारा. टाक टेकताच अक्षर फुटते. म्हणून त्यावर खळ चढवायची, तो वाळवायचा आणि गुळगुळीत घोट्याने घोटायचा. मग बरू, म्हणजे बोरूचा टाक, न अडखळता चालतो. कागदाचे माहेर चीन, पण तिथल्या शुआन कागदाची रीत वेगळी. न खळलेला शुआन शाई पिऊन घेतो आणि त्या पसरण्यातच चिनी कुंचल्याचे कसब दिसते.

बरू नाना देशींचे जमवावेत. घट्ट, बारीक, सरळ. पेराचे टोक सुरीने तिरके तासून मधोमध बारीक चीर द्यायची. चिरेत शाई धरून राहते आणि तिरक्या छाटामुळे रेघ एका अंगाने जाड, दुसऱ्या अंगाने नाजूक उतरते. बाळबोध अक्षराचा सारा डौल या छाटात आहे. टोक झिजले की पुन्हा तासायचे, तेही हुबेहूब पहिल्यासारखे; कारण ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटले पाहिजे. किती कठोर अपेक्षा ही, आणि किती सुंदर!

मस म्हणजे काजळी आणि डिंक. ती भिजवून, वाळवून साठवायची. चिनी शाईची वडीही काजळीचीच, पण सरसात बांधलेली. ती दगडावर पाण्यात उगाळतात. लाल अक्षरांसाठी हिंगूळ.

पान शिशाने आखावे आणि भोवती जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहते. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचवत नाही. लिहून झालेला ग्रंथ बासनात बांधायचा. समर्थ संप्रदायाची अशी कितीतरी हस्तलिखिते शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव फिरून मिळवली. १९३५ मध्ये त्यांनी स्थापलेल्या धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात ती जपली आहेत.