सत्तावीस तबकड्या

शाळामास्तरानें निवृत्त झाल्यावर काय करावें, याविषयीं आमच्या वाईंत ठरलेले संकेत आहेत. सकाळीं कृष्णेच्या घाटावर फिरावें, दुपारीं ज्ञानेश्वरी उघडावी आणि सायंकाळीं ढोल्या गणपतीच्या पायऱ्यांवर बसून नव्या पिढीच्या अशुद्धलेखनाबद्दल हळहळावें. मीही हें सर्व यथाशक्ति करतों. परंतु त्याखेरीज मला एक असें व्यसन जडलें आहे कीं, तें ऐकून माझे समवयस्क स्नेही प्रथम हसतात आणि मग हळूच माझ्या प्रकृतीची चौकशी करतात. मी जुन्या विलायती तबकड्या गोळा करतों. आणि त्याही ऑर्गनवरच्या नाट्यपदांच्या नव्हेत, तर ‘जॅझ-रॉक’ नांवाच्या संगीताच्या!

माझें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत. पुढें शास्त्रीबोवांपाशीं कौमुदी व कांहीं काव्यें वाचलीं आणि तेवढ्या भांडवलावर छत्तीस वर्षें मुलांकडून विभक्ति घोकवून घेतल्या. असा मनुष्य या आडवाटेस कसा लागला, हें सांगावयाचें तर मला माझा एक अपराधही सांगितला पाहिजे. तो मी चाळीस वर्षें झांकून ठेवला होता.

माझे थोरले बंधु, दादा, माझ्याहून आठ वर्षांनीं मोठे. १९७० सालीं त्यांना मुंबईस बँकेंत नोकरी लागली. गिरगांवांतील एका चाळींत ते राहत, एक वेळ खाणावळींत जेवत आणि पगारांतून उरेल तें चोरबाजारांत घालवीत. तेथें परदेशी खलाशांनीं विकलेल्या तबकड्या मिळत. १९७६ च्या गणपतींत ते घरीं आले तेव्हां बॅटरीवर चालणारें एक लहानसें यंत्र व कांहीं तबकड्या त्यांनीं बरोबर आणल्या. आमचे वडील, अण्णा, पुराण सांगत. त्यांनीं दोन मिनिटें ऐकून घेतलें आणि शांतपणें विचारलें, “हें गायन आहे कीं कल्हईवाल्याचें दुकान?” तेथेंच तो विषय संपला.

तो संपला तो दिवसापुरता. रात्रीं निजानीज झाल्यावर माडीवर दादा आवाज अगदीं बारीक करून तबकडी लावीत व मला जवळ बसवीत. “बाळू, तुला वृत्तें कळतात ना? मग याच्या मात्रा मोज पाहूं,” असें ते म्हणाले. तबकडीचें नांव होतें ‘बर्ड्‌स ऑफ फायर’, १९७३ ची. जॉन मॅक्‌लॉफ्लिन या इंग्रज गिटारवादकाच्या ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’ची ती. महाविष्णु हें नांव त्याला श्रीचिन्मय या त्याच्या बंगाली गुरूनें दिलेलें. प्रथम घंटेचा गंभीर नाद उठला आणि मागून गिटार धांवत आली. मीं बोटांच्या पेरांवर तीन वेळां मोजलें. अठरा! तोंवर मी अशी समजूत करून घेतली होती कीं, साहेबाला चारापलीकडे मोजतां येत नाहीं. त्या रात्रीं ती समजूत गळून पडली. आणि खरें सांगावयाचें तर मला तें संगीत आवडलें. अर्थात् अण्णांपुढें हें मीं कधीं कबूल केलें नाहीं.

ज्यांना या प्रकाराचा परिचय नाहीं, त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करतों. जॅझ हें अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं निर्माण केलेलें संगीत. त्याचा प्राण आपल्या ख्यालाप्रमाणेंच ऐन वेळच्या विस्तारांत आहे. रॉक हें त्याच्या मानानें तरुण व दांडगें. विजेची गिटार आणि ठाशीव ठेका हें त्याचें वैभव. १९६९-७० च्या सुमारास या दोहोंचा संगम झाला. माइल्स डेव्हिस या थोर ट्रंपेटवादकाच्या १९६९ मधील ‘इन ए सायलेंट वे’ या तबकडींत त्याची चाहूल लागते. तीवर मॅक्‌लॉफ्लिनही आहे. पुढें इंग्लंड-जर्मनींतूनही अशीं अनेक मंडळें निघालीं. त्यांतलीं थोडीं नांवारूपास आलीं. पुष्कळांच्या तबकड्या मोजक्याच निघाल्या, खपल्या त्याहून कमी, आणि मग विस्मृतींत गेल्या.

१९७८ सालीं दादांचें लग्न झालें. चाळींतल्या एका खोलींत संसार मांडावयाचा म्हणून त्यांनीं तबकड्यांची पेटी वाईस आणून माळ्यावर ठेवली. पुढें १९८३ च्या श्रावणांत वाड्याचें छप्पर गळूं लागलें. माळा रिकामा करणें भाग होतें. अण्णांच्या पोथ्या मीं खालीं आणल्या, माझीं पुस्तकें खालीं आणलीं, आणि दादांची पेटी उघडून भंगारवाल्यास बोलाविलें. त्यानें वजनावर अकरा रुपये दिले.

येथें मला लपवाछपवी करावयाची नाहीं. अण्णांनीं मला तसें सांगितलें नव्हतें. पेटीला जागाही करतां आली असती. परंतु आईबापांपाशीं राहावयाचें तें मीं, दुखणीं-बाणीं काढावयाचीं तीं मीं. आणि दादा मुंबईस स्वतंत्र, वाटेल तें ऐकावें, वाटेल तेथें जावें! या विचारानें मनांत जी आम्लता सांठली होती, तिनें त्या दिवशीं माझ्या हातून हें काम करविलें. दादांना मीं पत्र लिहिलें: “माळ्यावर पाणी शिरून तुझ्या तबकड्या कुजून गेल्या. निरुपाय झाला.” त्यांचें कार्ड उलट टपालीं आलें. त्यांत एवढेंच होतें: “हरकत नाहीं. अण्णांच्या पोथ्या वांचल्या ना?”

निवृत्तीनंतर, २०१७ सालीं, जुनीं कागदपत्रें चाळतांना त्या पेटींतली एक पातळ वही हातीं लागली. दादांच्या सुवाच्य अक्षरांत सत्तावीस तबकड्यांचीं नांवें, क्रमांक, खरेदीची तारीख आणि किंमत! बँकेंतल्या माणसाचा हिशेब. एक खोडाखोड नाहीं. ती वही घेऊन मी बराच वेळ बसलों. अकरा रुपयांत मीं काय विकलें, हें मला त्या दिवशीं प्रथम कळलें. या सत्तावीसही तबकड्या पुन्हा मिळवावयाच्या, असा मीं मनाशीं संकल्प केला. घरांत मात्र कोणास कारण सांगितलें नाहीं. आमच्या सौभाग्यवतींनीं, “पेन्शन फार झालें वाटतें,” एवढाच अभिप्राय दिला.

पहिली तबकडी पुण्याच्या जुन्या बाजारांत सांपडली: ‘इंडो-जॅझ स्वीट’, १९६६ ची. कलकत्त्यांत जन्मलेला जॉन मेयर हा रचनाकार आणि जमेकांतून लंडनला गेलेला जो हॅरियट हा सॅक्सोफोनवादक, या दोघांनीं रागसंगीत व जॅझ यांची सांगड घातलेली ही कृति. वेष्टण उलटून वादकांचीं नांवें वाचूं लागलों, तों मी थबकलोंच. तबला: केशव साठे! आपल्याकडील आडनांव अशा ठिकाणीं भेटावें, याचा आनंद परगांवच्या धर्मशाळेंत गांवचा मनुष्य भेटावा तसा झाला. मग मी या साठ्यांचा मागच घेतला. १९६७ मध्यें जर्मनींत निघालेल्या ‘जॅझ मीट्‌स इंडिया’ या तबकडीवर ते आहेत. १९७२ च्या ‘मॅजिक कार्पेट’वरही आहेत. आणि त्याच ‘इंडो-जॅझ स्वीट’वर बास वाजविणारा रिक लेअर्ड हा पुढें महाविष्णु ऑर्केस्ट्रांत गेला. म्हणजे माडीवरच्या त्या अठरा मात्रांचा एक धागा इथवर येऊन पोंचत होता.

संग्राहकाचें खरें सुख या धाग्यांत आहे. पोथीच्या शेवटीं पुष्पिका असते, तसे तबकडीच्या मध्याजवळ, जेथें खांचा संपतात तेथें, बारीक अक्षरांत अंक कोरलेले असतात. ते भिंगानें वाचले कीं ती पहिल्या छपाईची कीं मागाहूनची, हें समजतें. पाठभेद जुळविणाऱ्या माणसाला हें काम परकें वाटत नाहीं. ‘न्यूक्लिअस’ या इंग्रज मंडळाची ‘इलॅस्टिक रॉक’ ही १९७० ची तबकडी मला मुंबईस मिळाली. त्याच वर्षीं माँत्रेच्या उत्सवांत या मंडळास पहिलें पारितोषिक मिळालें होतें, तरी आज त्यांचें नांव कोण घेतो? तिच्या कंपनीचें नांव ‘व्हर्टिगो’, म्हणजे घेरी; आणि एका बाजूच्या चिठ्ठीवर असें एक काळें-पांढरें भोंवऱ्याचें चित्र आहे कीं, तबकडी फिरूं लागली म्हणजे पाहणाऱ्यास खरोखरच घेरी यावी! या मंडळाचा नायक इयन कार ट्रंपेट वाजवी, आणि पुढें १९८२ मध्यें त्यानें माइल्स डेव्हिसचें चरित्रही लिहिलें. तोच इयन कार १९६९ च्या ‘हम दोनों’ या तबकडींतही भेटतो. ती जो हॅरियट व अमान्सियो डिसिल्व्हा यांची. डिसिल्व्हा हे गोमंतकीय आईबापांच्या पोटीं १९३६ सालीं मुंबईंत जन्मले, गिटार घेऊन लंडनला गेले आणि १९९६ मध्यें निवर्तले. दादांच्या वहींत ‘हम दोनों’ची किंमत अठरा रुपये लिहिलेली आहे. आज तिच्या मूळ प्रतीस माझें कित्येक महिन्यांचें निवृत्तिवेतन पुरणार नाहीं. तिच्या पुनर्मुद्रित आवृत्तीवरच मीं समाधान मानलें आहे.

अशा आठ-दहा तबकड्या जमल्या. त्या जुन्या, धुळीनें माखलेल्या. सुई ठेवली कीं लाह्या फुटल्यासारखा आवाज येई. एका तरुण संग्राहकानें उपाय सांगितला: शुद्ध केलेल्या पाण्यांत साबणाचा एक थेंब टाकावा, मधली कागदी चिठ्ठी तेवढी कोरडी राखावी आणि बाकी तबकडी खुशाल धुवावी. मला धसकाच बसला. “अहो, पाण्यानें खराब नाहीं का होणार?” तो हंसला. “काका, ही काय पोथी आहे? प्लॅस्टिक आहे हें. उन्हानें वांकडी होईल. पाण्यानें कांहीं होत नाहीं.”

घरीं येऊन मीं तबकडी धुतली. पाणी तिच्या काळ्या अंगावरून निथळून गेलें आणि ती नव्यासारखी चकाकूं लागली. तिच्याकडे पाहतां पाहतां माझे हात एकदम थांबले. कुजून गेल्या! कुजलीं असतील तर वेष्टणें; तबकड्या कशा कुजतील? आणि हें ज्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतें, असा आमच्या घरांत एकच मनुष्य होता. म्हणजे माझें पत्र वाचतांक्षणींच दादांना सर्व उमगलें होतें. आणि तरीही त्यांनीं, “हरकत नाहीं,” असें लिहिलें होतें.

त्याच आठवड्यांत मी डोंबिवलीस गेलों. दादा आतां पंचाहत्तरीस आले आहेत. ऐकूं कमी येतें. कानांत यंत्र असतें. वहिनी चहा ठेवावयास आंत गेल्यावर मीं वही त्यांच्यापुढें ठेवली आणि म्हणालों, “दादा, तुझ्या तबकड्या पावसानें गेल्या नव्हत्या. मीं त्या भंगारांत घातल्या.”

त्यांनीं वही उघडली, पानें उलटलीं. “ठाऊक आहे रे.”

“मग इतक्या वर्षांत एकदां तरी बोलला कां नाहींस?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अण्णांचें तीन वर्षांचें अंथरूण तूं काढलेंस. आईचें मोतीबिंदु, घराची कौलें, सगळें तूं पाहिलेंस. मी महिन्याला मनीऑर्डर करून मोकळा होत होतों. सत्तावीस तबकड्यांचा हिशेब मीं मांडला असता, तर तुझा हिशेब मला द्यावा लागला असता. तो माझ्याच्यानें फिटण्यासारखा नव्हता.”

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. वहिनी चहा घेऊन आल्या, तेव्हां आम्ही दोघेही वहीकडे पाहत बसलों होतों.

मीं बरोबर एक वस्तु नेली होती. ती वहींत नव्हती, असूंही शकत नव्हती. डिसिल्व्हांचें ‘कोंकण डान्स’ हें वादन १९७० नंतरच्या वर्षांत लंडनला ध्वनिमुद्रित झालें, पण तीस वर्षांहून अधिक काळ तें तसेंच पडून राहिलें आणि २००६ सालीं कोठें प्रकाशांत आलें. दादांनीं तें कधीं ऐकलें नव्हतें. नातवानें यंत्र लावून दिलें. दादा डोळे मिटून, मान किंचित् पुढें करून ऐकत होते. मध्येंच म्हणाले, “झांजा नाहींत येत ऐकूं. वरचे सूर सगळे गेले बघ. बाळू, तूं मात्रा मोज. मी हात धरतों.” मीं त्यांचा तळहात माझ्या हातांत घेतला आणि त्यावर बोटानें ठेका देत राहिलों.

वहींतील सत्तावीसांपैकीं अकरा जमल्या आहेत. सोळा बाकी आहेत. दादांचे कान आणखी किती दिवस साथ देतील, हें डॉक्टरांनाही सांगवत नाहीं. म्हणून माझा शोध हल्लीं जरा घाईनें चालतो. वाचकहो, आपल्या माळ्यावरही एखाद्या काकाची वा मामाची अशी पेटी असूं शकेल. ती भंगारांत घालण्यापूर्वीं ज्याची त्यास एकवार विचारावें. आणि पाणी लागून खराब झाल्या असें कोणी सांगितलें, तर लगेच विश्वास ठेवूं नये. एक तबकडी धुऊन पाहावी.